सांगलीतला पहिला उन्हाळा

अगं, पहिलाच उन्हाळा ना इथला? मग सिंथेटिक कुर्ते कपाटातच राहू देत, सुती वापर. भर दुपारी बाहेर पडावंच लागलं तर ओढणी डोक्याला गुंडाळ. रात्री मूठभर तासगावचे बेदाणे भिजत घाल, सकाळी पाण्यासकट खा. पन्हं गुळाचंच कर, साखरेच्या पन्ह्याला ती चव नाही. वेलची आणि चिमूटभर मीठ विसरू नकोस. चेहऱ्याला मुलतानी माती आणि गुलाबपाणी पुरे, पण लेप कडक वाळू देऊ नकोस, त्वचा ओढते.

आणि संध्याकाळी भडंग! कांदा, कोथिंबीर, कैरीचा कीस अगदी आयत्या वेळी मिसळायचा, नाहीतर मऊ पडतं. डबा घेऊन सरळ कृष्णाकाठी घाटावर जा. वाटेत मोगऱ्याचा गजरा घे, कळ्या मिटलेल्या बघून.