आजीच्या देवळात पेटी आहे, आपल्याकडे का नाही?

लाडक्या छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "आई, आजीच्या देवळात पेटी आहे, तबला आहे, झांजा आहेत. अमेरिकेत आपल्या लेक्सिंग्टनच्या चर्चमध्ये, आपल्या मंडळीत, एकही वाद्य नाही. आपण मराठी पद्धत सोडून दिली का?" आणि मग हळूच, "दादा विचारतो, तुम्ही कुठल्या पंथाचे? मी काय सांगू?" मी "नंतर सांगते" म्हणून फोन ठेवला, कारण शेजारी आजी ऐकत होती आणि या विषयात तिचं नि माझं एक जुनं दुखणं आहे. आता निवांत लिहिते. पत्र आजीला मोठ्यानं वाचून दाखव, काही गाळू नकोस.

दादाला सांग, आम्ही नुसते ख्रिस्ती. त्याला ते उत्तर टाळल्यासारखं वाटेल. पण आपल्या मंडळीनं ते दोनशे वर्षांपूर्वी फार विचारानं निवडलेलं उत्तर आहे.

केन रिज आठवतं? आपल्या घरापासून पाऊण तासावरचं, लाकडी ओंडक्यांचं १७९१ सालचं देऊळ. आता त्याच्याभोवती दगडी इमारत बांधून ते जपलंय. वरच्या सज्जाकडे बोट करून तू विचारलंस, तिथं कोण बसायचं, आणि मी सांगितलं, गुलाम. तू बराच वेळ गप्प होतीस. तेही लक्षात ठेव, कारण पुढची गोष्ट चांगली असली तरी तो सज्जा तिच्याच घरातला आहे.

१८०१ च्या ऑगस्टमध्ये त्या देवळाभोवतीच्या रानात माणसं जमली. त्या काळच्या अंदाजांप्रमाणे दहा-वीस हजार, आणि तेव्हा अख्ख्या लेक्सिंग्टनची वस्ती दोन हजारही नव्हती. प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट, बाप्टिस्ट उपदेशक कुणी गाडीवर, कुणी तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावर उभे राहून एकाच वेळी बोलत होते. ऐकणाऱ्यांना कोण कुठल्या पंथाचा याची फिकीर नव्हती. तिथले पाळक बार्टन स्टोन यांच्या मनावर हे कायमचं कोरलं गेलं. वरिष्ठांना मात्र ते रुचलं नाही. स्टोन आणि त्यांचे सोबती बाहेर पडले, त्यांनी स्वतःची वेगळी संस्था काढली, आणि वर्षाच्या आतच त्यांना उमगलं की आपण आणखी एक पंथच उभा करतोय. मग २८ जून १८०४ रोजी सहा जणांनी त्या संस्थेचं चक्क मृत्युपत्र लिहिलं. त्यात म्हटलंय की आमची ही संस्था मरो, विरून जावो आणि ख्रिस्ताच्या एकंदर शरीरात मिसळून जावो. जिवंत, धडधाकट संस्थेनं स्वतःहून असं लिहावं! मला हा कागद फार प्रिय आहे. त्याचं कारण पुढं सांगते.

दुसरी गोष्ट कॅम्पबेल बापलेकांची. स्कॉटलंडमधल्या त्यांच्या पंथात प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर घ्यायला, बसायचं तर आधी परीक्षा होई आणि पास झालेल्याला धातूचं बिल्ल्यासारखं नाणं मिळे. १८०९ मध्ये ग्लासगोत तरुण अलेक्झांडर कॅम्पबेलच्या हातात ते नाणं होतं. रांग पुढं सरकली, त्यानं नाणं तबकात टाकलं आणि भाकर न घेताच तो बाहेर पडला. प्रभूच्या मेजावर कोण बसणार हे माणसांनी नाणी वाटून ठरवावं, हे त्याला पटेना. त्याच वर्षी इकडं पेनसिल्वेनियात त्याचे वडील थॉमस लिहीत होते की पृथ्वीवरची ख्रिस्ताची मंडळी मुळात एकच आहे. समुद्राच्या दोन बाजूंना बापलेक एकाच जागी येऊन पोहोचले होते. १८३२ च्या नववर्षाच्या सुमारास कॅम्पबेलांच्या आणि स्टोन यांच्या लोकांनी हातात हात दिला, तो आपल्याच लेक्सिंग्टनमध्ये.

म्हणून आपल्याकडे पवित्र शास्त्राखेरीज, म्हणजे बायबलाखेरीज, दुसरा कुठला लिहिलेला मतांगीकार, म्हणजे काय मानायचं याची ठरीव यादी, नाही. बिशप नाही, वर मुख्य कचेरी नाही, प्रत्येक मंडळी आपल्या वडीलजनांच्या देखरेखीखाली चालते. प्रभुभोजन दर रविवारी, कारण बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात शिष्य आठवड्याच्या पहिल्या दिवशी भाकर मोडायला जमत. आणि बाप्तिस्मा ज्याला विश्वास समजतो त्याला, पाण्यात पूर्ण बुडवून. आधी एकच प्रश्न विचारतात: येशू हा ख्रिस्त, जिवंत देवाचा पुत्र आहे असा तुझा विश्वास आहे का?

इथंच ते दुखणं आहे. माझा बाप्तिस्मा नगरला तान्हेपणी झाला होता, आजीच्या मांडीवर, कपाळावर पाणी घालून. तू तीन वर्षांची असताना मी इथं पुन्हा पाण्यात उतरले. आजीला फोन केला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मग मी तुला मांडीवर घेऊन बसले होते, ते खोटं होतं का?" त्यानंतर कितीतरी दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. आई, तुला तेव्हा नीट सांगता आलं नाही, आता सांगते. ते खोटं नव्हतं. तू माझ्या वतीनं जे वचन दिलंस, ते मी मोठी होऊन स्वतःच्या तोंडानं म्हटलं. इथले काही जण ते तसं मानत नाहीत, आणि मी त्यांच्याशी सहमत नाही.

आता पेटी. नव्या करारात मंडळीनं गायल्याचा उल्लेख आहे, वाद्य वाजवल्याचा नाही. म्हणून सुरुवातीच्या या मंडळ्या नुसत्या आवाजानं गात. १८६० च्या सुमारास लेक्सिंग्टनजवळच्या मिडवे गावात लोकांनी आपल्या पेटीसारखंच एक वाद्य उपासनेत आणलं आणि भांडण पेटलं. वाद्य हे निमित्त होतं असं मला वाटतं. लगेच पुढं अमेरिकेतलं उत्तर-दक्षिणेचं युद्ध झालं, आणि त्यानंतर उत्तरेत पैसा होता, दक्षिण मोडून पडली होती. १९०६ च्या सरकारी गणनेत वाद्यवाले आणि बिनवाद्यवाले वेगवेगळे नोंदले गेले. पंथ मोडायला निघालेल्यांचेच पंथ झाले, हे मला दर वेळी टोचतं. आपली मंडळी बिनवाद्यांची. पेटी हे पाप आहे असं मी कधीच मानलेलं नाही. पण चार सुरांत नुसते गळे उघडतात, शेजारच्या ऐंशी वर्षांच्या आजोबांचा थरथरता खर्ज तुझ्या कानाशी येतो, तेव्हा मला भरून येतं. लपायला वाद्य नसल्यामुळे सगळ्यांनाच गावं लागतं.

आणि आजीचे टाळ? तेही आपोआप आलेले नाहीत. नगरला अमेरिकन मिशन आलं १८३१ साली, म्हणजे लेक्सिंग्टनच्या त्या भेटीच्या आगेमागेच. सोबत तिकडच्या चाली आल्या. पण गावोगावच्या माणसांच्या कानात कीर्तन होतं, अभंग होते. कृष्णराव सांगळ्यांसारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्ताला अभंगांत, ओव्यांत गायलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते म्हणत. १९१७ साली ते मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि साताऱ्याला त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथं जागा होती, कारण अट एकच, येशूचं शिष्य असणं. पुढं दोन वर्षांत ते गेले. केन रिजला उभी राहिले की मला साताऱ्याचा तो दरबार आठवतो. तेव्हा पंथाच्या कुंपणाबाहेरचा ख्रिस्त ही काही मी अमेरिकेत येऊन शिकलेली गोष्ट नाही.

आता त्या मृत्युपत्राचं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा वेगवेगळ्या मंडळ्यांनी आपापली नावं सोडली आणि त्यांची उत्तर भारताची मंडळी झाली. आजीच्या देवळाच्या पाटीवरचं सी.एन.आय. ते हेच. त्या सहांत एक होती 'ख्रिस्ताचे शिष्य' नावाची मंडळी. १८८२ पासून हरदा, बिलासपूर, मुंगेलीकडे तिचं काम होतं. ती स्टोन आणि कॅम्पबेल यांच्याच लोकांची, वाद्यं ठेवणाऱ्या शाखेची. केन रिजच्या माणसांनी लिहिलं होतं ना, मरो आणि मिसळून जावो? त्यांची एक फांदी खरोखरच मिसळली, आणि मिसळली ती आजीच्या मंडळीत. त्या मंडळीत तान्ह्यांचा बाप्तिस्माही चालतो आणि मोठ्यांचाही. आई, हे मला कळलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, तुमच्याकडे दुपार, आणि तुला फोन करायला हात पुढं जाऊन परत आला.

छकुली, आजीच्या उशाशी 'उपासना संगीत' या आपल्या गीतांच्या पुस्तकाची जुनी प्रत आहे, पुठ्ठा निघालेली. त्यातला आजीला सगळ्यांत आवडणारा अभंग तिच्याकडून चालीसकट शिकून घे. तू आलीस की शनिवारी संध्याकाळी आपल्या घरी प्रार्थनेला लोक येतील, त्यांच्यापुढं आपण दोघी तो म्हणू. झांजा आण, घरात कुणाची हरकत नाही. आणि आजीला विचार, पुढच्या उन्हाळ्यात ती इकडं येईल का. केन रिजच्या त्या ओंडक्यांच्या देवळात तिच्या शेजारी बसायचं आहे मला.

तुझी,
आई