लिलिअस एडीला भरती-ओहोटीच्या पट्ट्यात दगडाखाली का पुरलं?

ती पुन्हा उठून येईल या भीतीनं, एवढंच खरं तर उत्तर आहे.

लिलिअस एडी ही स्कॉटलंडमधल्या फाइफ परगण्यातल्या टॉरीबर्न गावची वयस्क बाई. 1704 मध्ये चेटूक करून शेजारणीला त्रास दिल्याचा आळ तिच्यावर आला आणि तिला कोठडीत टाकलं. सैतानाशी संबंध असल्याचं तिनं कबूल केलं. पण असले कबुलीजबाब कसे मिळवत, हे वेगळं सांगायला नको. चौकशी करणाऱ्यांना तिच्याकडून आणखी चेटकिणींची नावं हवी होती. त्यावर तिचं म्हणणं, रात्रीच्या बैठकींना बाया तोंड झाकून येत, मग ओळखणार कशा! मला तर ही बाई भलतीच धोरणी वाटते. नव्या नावांचा धागाच तिनं तोडला.

शिक्षा होण्याआधीच ती कोठडीत मेली. दोषी ठरती तर बहुधा गळा आवळून मग जाळली असती. राखेला कुठली थडगी? म्हणूनच तिचं थडगं दुर्मीळ आहे. पवित्र दफनभूमीत तिला जागा नव्हती. किनाऱ्यावरच्या चिखलात पुरून वर जड शिळा ठेवली. सैतान प्रेतात शिरून त्याला चालवतो, अशी तेव्हा समजूत होती.

शिळा असूनही 1852 मध्ये हौशी संग्राहकांनी थडगं उकरलंच. कवटी सेंट अँड्र्यूज विद्यापीठात गेली, 1938 च्या ग्लासगोच्या प्रदर्शनात मांडली गेली आणि पुढे गहाळ झाली. 2017 मध्ये डंडी विद्यापीठानं तिचा चेहरा उभा केला, तो कवटीच्या जुन्या फोटोंवरून. शिळा मात्र अजून तिथेच आहे, ओहोटीला दिसते.