पासाऊ ते व्हिएन्ना सायकलने जायचंय. तिथल्या लोकांचं ऐकावं की जाऊन आलेल्यांचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही नवरा-बायको डॅन्यूबच्या काठाने जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत सायकलने जाणार आहात. सायकलची सवय आहे, पण लांबचा दौरा पहिलाच. तिथले लोक म्हणतात, "सोपं आहे, पाच दिवस पुरे." जाऊन आलेल्यांपैकी एक म्हणतो उत्तर काठाने जा, दुसरा म्हणतो दक्षिण काठाने, तिसरा म्हणतो आठ दिवस तरी ठेवा. कोणाचं ऐकायचं?

ऐका सगळ्यांचं, पण ज्याला जे माहीत आहे तेवढंच त्याला विचारा. काठावर राहणाऱ्याला नदी, वारा, सुट्ट्या, बंद रस्ते सगळं ठाऊक असतं. पण तो स्वतःच्या गावातल्या लॉजमध्ये कधी झोपलेला नसतो, आणि पाठीमागे दोन भरलेल्या पिशव्या लटकवून सलग चौथ्या दिवशी सीटवर बसताना काय वाटतं, हे त्याने बहुधा अनुभवलेलं नसतं. जाऊन आलेल्याला ते पक्कं माहीत असतं, पण त्याने नदी पाहिलेली असते ती एका आठवड्याची, त्या आठवड्यातल्या हवेतली. पाऊस लागला असेल तर त्याच्या लेखी वाटेतलं वाखाऊचं प्रसिद्ध खोरं म्हणजे चिखल!

"सोपं आहे" हे खरंच आहे. रस्ता बहुतेक डांबरी, खुणा ठळक, वाहनांपासून बराचसा वेगळा. पण "नदीच्या प्रवाहासोबत जायचं म्हणजे उतारच उतार" असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. पासाऊ समुद्रसपाटीपासून साधारण 300 मीटरवर आहे, व्हिएन्ना 160-170 वर. सव्वातीनशे किलोमीटरच्या वाटेत एवढा उतार पायाला जाणवतसुद्धा नाही. पश्चिमेकडून पूर्वेकडे जायचं ते वाऱ्यासाठी, कारण वारा बहुतेक पश्चिमेचा असतो. बहुतेक म्हणजे रोज नव्हे. आमच्या एका मुक्कामाच्या घरमालकीणबाई संध्याकाळी अंगणातल्या झाडाकडे बघून म्हणाल्या, "उद्या वारा पूर्वेचा आहे, सकाळी सातला निघा, दुपारी रडाल." सातला निघालो. अकरानंतर समोरून जे झोत सुरू झाले, त्यात सपाट रस्त्यावर खालचा गिअर लावावा लागला. असा सल्ला तिथे राहणाराच देऊ शकतो.

दिवसांचं म्हणाल तर माझं मत जाऊन आलेल्यांच्या बाजूचं. पासाऊ ते श्ल्योगेन चाळीसेक किलोमीटर, तिथून लिंझ पन्नासेक, लिंझ ते ग्राइन साठ, ग्राइन ते मेल्क पन्नास, मेल्क ते क्रेम्स छत्तीस, आणि क्रेम्स ते व्हिएन्ना ऐंशीच्या आसपास, जे टुल्नला मुक्काम करून दोन दिवसांत करावं. हे झाले सात दिवस. पाच दिवसांतही होतं, पण मग मेल्कचा बेनेडिक्टाइन मठ बाहेरूनच बघायचा आणि माउटहाउझेनला थांबायचंच नाही. माउटहाउझेनची नाझी छळछावणी गावाच्या वर टेकडीवर होती, आज तिथे स्मारक आहे. चढ दमवणारा आहे आणि वर गेल्यावर तासाभरात निघवत नाही. त्या दिवशी पुढचं अंतर कमी ठेवा.

आता उत्तर काठ की दक्षिण. या भांडणात दोन्ही पक्ष बरोबर असतात, कारण प्रत्येक जण वेगळ्या टप्प्याबद्दल बोलत असतो. श्ल्योगेनपाशी नदी जवळजवळ उलटी वळते. तिथे उत्तर काठाची सायकलवाट काही अंतर तुटते आणि नावेशिवाय पुढे जाता येत नाही. ऑटेन्सहाइम ते लिंझ हा उत्तरेचा तुकडा मोठ्या रस्त्याला चिकटून जातो, गाड्यांचा आवाज कानात बसतो. ग्राइनच्या पुढे दक्षिण काठ निवांत. तेव्हा नकाशावर दोन रंगांनी टप्पे रंगवा आणि प्रत्येक टप्प्याला वेगळा काठ निवडा. पूल, धरणांच्या भिंती आणि नावा यांमुळे पलीकडे जाणं अवघड नाही.

वाखाऊ, म्हणजे मेल्क ते क्रेम्स, 2000 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. सगळ्यांना तिथेच जायचं असतं, त्यामुळे उत्तर काठावरच्या ड्यूर्नश्टाइनमध्ये दुपारी सायकल हातात धरून चालावं लागतं. (इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड इथल्याच किल्ल्यात कैदेत होता, 1192-93 च्या हिवाळ्यात. किल्ल्याचे अवशेष वर दिसतात.) दक्षिण काठावर द्राक्षमळे आणि जर्दाळूच्या बागा, माणसं कमी. मी दोन्ही काठ अर्धे-अर्धे घ्यायला सांगेन, ते श्पिट्झ ते आर्न्सडोर्फ या नावेसाठी. तिला पाणी कापायला इंजिन नाही. नदीवर आडवी जाड तार ताणलेली आहे, नाव तिला दोराने जोडलेली. नावाडी सुकाणू वळवून नाव प्रवाहाला तिरकी धरतो आणि प्रवाहच तिला पलीकडे ढकलतो. आवाज येतो तो पाण्याचा आणि तारेवरून सरकणाऱ्या चाकाचा. जुलैत गेलात तर पलीकडे जर्दाळू पिकलेले असतील. वाईनचे मळेही दर वळणावर खुणावतात. फक्त ऑस्ट्रियात सायकलस्वारालाही रक्तातल्या मद्याची मर्यादा आहे, 0.8 प्रति हजार, हे लक्षात असू द्या.

नावांच्या वेळा मात्र कोणाच्याही जुन्या प्रवासवर्णनातून घेऊ नका. त्या हंगामी असतात, संध्याकाळी लवकर बंद होतात, आणि पाणी वाढलं की चालतच नाहीत. पाणी वाढणं म्हणजे काय हे पासाऊच्या नगरभवनाच्या भिंतीवर कोरलेलं आहे: प्रत्येक मोठ्या पुराची पातळी आणि साल. 2013 च्या जूनमधली खूण डोक्याच्या कितीतरी वर आहे. तेव्हा पाणी 12.89 मीटरवर गेलं होतं, 1501 नंतरचं सर्वांत जास्त. सप्टेंबर 2024 मध्ये व्हिएन्नाभोवतीच्या लोअर ऑस्ट्रिया या राज्यातही मोठा पूर आला. निघण्याच्या आदल्या आठवड्यात त्या त्या भागाच्या पर्यटन कार्यालयाला ईमेल करा: अमुक तारखेला अमुक टप्पा उघडा आहे का, वळणरस्ता कुठून आहे. अशा नेमक्या प्रश्नाला ते नेमकं उत्तर देतात. "मार्ग कसा आहे?" असं विचारलंत तर रंगीत माहितीपत्रक येईल.

स्थानिकांना विचारायची आणखी एक गोष्ट म्हणजे सुट्ट्या. रविवारी आणि सणाच्या दिवशी दोन्ही देशांत दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांवरची काही सोडून. शिवाय गावातली खानावळ आठवड्यातून एखादा दिवस बंद असते, आणि तो दिवस गावागणिक वेगळा. दारावर 'रूहेटाग' पाटी दिसली की समजायचं. लहान गावात एकच खानावळ असेल तर मुक्काम ठरवतानाच हे विचारून घ्या. थोडे रोख युरोही जवळ ठेवा.

जाऊन आलेल्यांकडून घ्यायचं ते वेगळं: कोणत्या घराला सायकल ठेवायला कुलूपबंद जागा आहे, सामान पुढच्या मुक्कामी पोहोचवणारी सेवा वेळेवर येते का, भाड्याची सायकल पासाऊला घेऊन व्हिएन्नात सोडता येते का (येते, पण हंगामात आधी बुकिंग लागतं). पण त्यांच्या सल्ल्याला मान डोलावण्याआधी विचारा: कोणता महिना होता? साधी सायकल की बॅटरीची? सामान कोणी वाहिलं? रोज किती किलोमीटर? एवढं विचारलं की निम्मे सल्ले आपोआप गळतात. बॅटरीच्या सायकलवाल्याचा "किरकोळ चढ" तुमच्या कामाचा नाही.

स्थानिक आणि सायकलप्रवासी दोन्ही एकाच माणसात हवे असतील तर वॉर्मशॉवर्सवर शोधा. 1993 पासून चालत आलेलं हे जाळं आहे. सायकलवर फिरणारे लोक फिरणाऱ्यांना घरी मुक्काम देतात. यजमान तिथलाच असतो आणि स्वतःही लांब दौरे केलेला असतो. एक रात्र जरी अशा घरी मिळाली तरी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून पुढचे तीन दिवस लावून घ्या. आपणही कधीतरी कोणाला ठेवून घ्यावं एवढीच अपेक्षा असते.

व्हिसाबाबत एकच: शेंगेन व्हिसा जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे मागायचा. तुमची सुरुवात जर्मनीत असली तरी रात्री बहुतेक ऑस्ट्रियात आहेत, म्हणजे अर्ज ऑस्ट्रियाकडे. परतीला सायकल रेल्वेत न्यायची असेल तर तिचं वेगळं तिकीट लागतं, आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांत जागाही आरक्षित करावी लागते. उन्हाळ्यात त्या जागा लवकर संपतात, तेव्हा विमानाचं तिकीट निघालं की लगेच ते काम उरका.