काळ्या काचेचं वेड आणि बारावीनंतरची वाट

नमस्कार ताई,

तुमची लेक बारावी सायन्सला आहे. गोव्यात हरमलच्या किनाऱ्यावर मिळालेला काळा चकचकीत तुकडा म्हणजे ऑब्सिडियन, ज्वालामुखीची काच, असं समजून तिने तो जपून ठेवलाय. ही काच जगात जिथे जिथे मिळते तिथे नकाशावर टिकल्या चिकटवते आणि आता भूशास्त्रच शिकणार म्हणते. २०१२ साली गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या तेव्हा तिच्या बाबांचा ट्रक दारात उभा राहिला, म्हणून तुम्ही विचारता, ‘दगडांच्या मागे लागून पोट भरेल का?’ साखळीसारख्या खाणपट्ट्यातल्या गावी हा प्रश्न पडणारच.

आधी तुकड्याचं बघू. उजेडात हिरवा दिसतो, आत गोल बुडबुडे आहेत, वरून घासून धुरकट झालाय, असं तुम्ही लिहिलंय. बहुधा ती समुद्राने घासलेली बाटलीची काच असावी. हरमलला बाटल्यांना काय तोटा! ऑब्सिडियनची पातळ कड उजेडात सहसा राखाडी किंवा तपकिरी दिसते. फुटलेल्या जागी लाटालाटांच्या बाकदार रेघा मात्र दोन्हींत असतात, त्यामुळे तेवढ्यावरून निवाडा करू नये. तिचा हिरमोड होईल, पण सांगा.

गोव्यात ही काच का नाही, हे तिने शोधायला हवं. साखरेचा पाक चटकन गार केला की काचेसारखा होतो, रेंगाळला की दाणे धरतो, लाव्ह्याचंही तसंच. पण त्यासाठी लाव्हा चिकट हवा, त्यात सिलिका (वाळूतला मुख्य घटक) साधारण ७० टक्के किंवा जास्त हवी, म्हणजे स्फटिक वाढायला अवसरच मिळत नाही. चोर्ला घाटाच्या बाजूला सत्तरी तालुक्यात दख्खनच्या लाव्ह्याचे थर दिसतात, पण तो बेसॉल्ट, सिलिका ५० टक्क्यांच्या आसपास, पातळ आणि लांबवर वाहणारा. शिवाय तो ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. काच टिकाऊ नसते. ती हळूहळू पाणी शोषते, तिच्यात स्फटिक धरू लागतात आणि कोट्यवधी वर्षांत तिचं काचपण जातं. गोव्याचे बाकीचे बरेचसे खडक तर २५० कोटी वर्षांच्याही मागचे.

म्हणून तिच्या टिकल्या तरुण ज्वालामुखींच्या मागोमाग जातात. इटलीचं लिपारी, ग्रीसचं मिलोस, तुर्कस्तान आणि आर्मेनिया, केनियातलं नैवाशा, आइसलँड, जपानचं होक्काइदो, पापुआ न्यू गिनीतलं तालासिया, मेक्सिकोत पाचुकाजवळची हिरवट काच, अमेरिकेत यलोस्टोनचा ऑब्सिडियन क्लिफ. त्या एका कड्याची काच दोन हजार किलोमीटरहून दूर ओहायोतल्या प्राचीन मातीच्या टेकाडांत सापडली आहे. मिलोस हे बेट. पण तिथली काच ग्रीसच्या मुख्य भूमीवरच्या फ्रांख्थी गुहेत, शेती सुरू होण्याआधीच्या थरांत मिळाली. म्हणजे माणसं तेव्हाही समुद्र ओलांडत होती. हे कळतं कसं? प्रत्येक ज्वालामुखीच्या काचेत रुबिडियम, स्ट्रॉन्शियम, झिर्कोनियम या मूलद्रव्यांचं प्रमाण वेगळं असतं आणि क्ष-किरणांच्या उपकरणाने दगड न फोडता ते मोजता येतं. मला स्वतःला या विषयातला सगळ्यात रंगतदार भाग हाच वाटतो.

इथेच तिची खरी निवड आहे. काच कशी झाली हे तिला जास्त खुणावतं, की ती कोणी, कुठून, कशी नेली हे? पहिलं असेल तर भूशास्त्र. दुसरं असेल तर पदवी कुठल्याही शाखेची चालेल, पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व. तरी मी बी.एस्सी. भूशास्त्रच सुचवेन, कारण तिथून पुरातत्त्वाकडे वळता येतं. उलट दिशेने येणं अवघड.

घर सोडायची घाई नको. मिरामारचं धेंपे आणि मडगावचं चौगुले या कॉलेजांत भूशास्त्र आहे, पुढे ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठात एम.एस्सी. दोना पावलाची समुद्रविज्ञान संस्था आणि वास्कोची ध्रुवीय संशोधन संस्था, दोन्ही आपल्याच दारात. हिंदी महासागराच्या तळावरून येणाऱ्या नमुन्यांत ज्वालामुखी काच आणि प्युमिस, म्हणजे ज्वालामुखीचा हलका सच्छिद्र दगड, असतात. तिथे नेटकं काम करायचं तर पीएच.डी. लागते, आणि प्रकल्पावरच्या जागा कंत्राटी असतात, हे आधीच माहीत असू दे.

नुसती ऑब्सिडियन शोधायला पगार कोणी देत नाही. एम.एस्सी. झाल्यावर यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा देऊन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात किंवा भूजल मंडळात जाता येतं. बोगदे, धरणं, पूल यांच्या कामांनाही भूशास्त्रज्ञ लागतो. खाणीवर मात्र सगळी भिस्त ठेवू नका. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केले, आता लिलावाने काही सुरू होताहेत, पण त्या भरवशावर विषय निवडायचा नसतो. म्हणून पदवीला रसायनशास्त्र सोबत असू दे आणि गणित सोडू देऊ नका. भूभौतिकीकडे, म्हणजे भौतिकशास्त्राने पृथ्वीचा अभ्यास करण्याकडे, वळायचं तर ते लागतंच.

सुट्टीत पुण्याकडे जाणं झालं तर जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठचं बोरी दाखवा. तिथे ज्वालामुखी राखेचा थर आहे, आणि ती राख म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या चिमुकल्या कपच्या. सुमात्रातल्या टोबाच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाशी अनेक जण ती जोडतात, काहींच्या मते ती कितीतरी जुनी आहे. वाद अजून मिटलेला नाही. तिथून परतल्यावर ती राखेच्या वयाबद्दल प्रश्न विचारत राहिली तर प्रवेशाचा अर्ज खुशाल भूशास्त्राचा भरा. नुसते फोटो काढून गाडीत बसली तर मला पुन्हा लिहा, आपण बोलू.