वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट आपल्याला आवडेल की नाही, हे फुकट ट्रायलवरून कळतं का?

तुम्ही लिहिलंय की ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम आजवर कधी खेळलेला नाही. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टची फुकट ट्रायल घेतली तर पुरेसा अंदाज येईल का, क्लास (पात्राचा प्रकार) कोणता घ्यावा, आणि २००४ साली आलेल्या गेममध्ये आत्ता शिरणं म्हणजे वरातीमागून घोडं तर होणार नाही ना, असे तुमचे प्रश्न आहेत.

शेवटचं आधी घेते, कारण ते सोपं आहे. उशीर वगैरे काही झालेला नाही. दर दोन-एक वर्षांनी नवं एक्सपान्शन (गेमला जोडलेला नवा भाग) येतं, कमाल लेव्हल वर सरकते, आणि जुन्या मंडळींनी जिवाचं रान करून मिळवलेली शस्त्रं-चिलखतं नव्या भागातल्या सुरुवातीच्या क्वेस्टमध्येच (गेमने दिलेल्या कामांमध्येच) फिकी पडायला लागतात. २०२० मध्ये तर लेव्हलचे आकडेच आवळले. १२० लेव्हलची पात्रं एका रात्रीत ५० ची झाली. एवढ्या वर्षांची कथा आपल्याला माहीत नाही याचंही दडपण घेऊ नका. जुन्यांपैकी कितीतरी जण क्वेस्टचा मजकूर न वाचताच 'अॅक्सेप्ट' दाबत आलेले आहेत.

आता ट्रायल. ती जरूर खेळा. लेव्हल २० पर्यंत पैसे लागत नाहीत आणि दिवसांची मुदतही नाही. नवं पात्र एक्झाइल्स रीच नावाच्या बेटावर सुरू होतं. हरवलेल्या मोहिमेच्या शोधात निघालेल्या जहाजावर तुम्ही असता, डेकवरच चालणं-वळणं-मारणं शिकवतात, मग वादळ येतं, जहाज फुटतं आणि तुम्ही किनाऱ्यावर. तिथून लेव्हल १० पर्यंत गेम तुमचं बोट सोडत नाही. डोक्यावर पिवळं उद्गारचिन्ह असलेला माणूस काम देतो, काम झालं की त्याच्याच किंवा दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं, तिथे जाऊन बक्षीस घ्यायचं. शेवटी ऑगर नावाच्या राक्षसांच्या गढीतलं एक छोटं डंजन, म्हणजे गटाने उतरून लढायची शत्रूंची जागा, असते. मग गेममधल्या दोन बाजूंपैकी तुम्ही अलायन्सचे असाल तर स्टॉर्मविंड शहरात आणि होर्डचे असाल तर ऑर्ग्रिमार शहरात पोचता. हे सगळं नीटनेटकं केलेलं आहे, कंटाळा येत नाही. बटणं कोणती, नकाशा कसा वाचायचा, मेल्यावर काय होतं, सगळं कळतं. (मेल्यावर तुम्ही भूत होऊन करड्या जगातून आपल्या प्रेतापर्यंत पळत जाता आणि पुन्हा उठता. चिलखताची झीज सोडली तर नुकसान काही नाही. त्यामुळे बिनधास्त मरा.)

पण ट्रायलवरून गेमचा निकाल लावू नका. ट्रायलमध्ये काय बंद असतं ते बघा. लिलावघर म्हणजे ऑक्शन हाउस बंद, टपालपेटी बंद, दुसऱ्या खेळाडूशी वस्तूंची देवघेव बंद, सर्वांसाठीचे चॅट चॅनल बंद, गिल्डमध्ये (खेळाडूंच्या कायमच्या मंडळात) जाता येत नाही, स्वतःहून कुणाला गटात बोलावता येत नाही. यामागे कंपनीचं कारण रास्त आहे. फुकट खाती मोकळी सोडली तर गेममधलं सोनं (तिथलं चलन) खऱ्या पैशांना विकणाऱ्यांच्या जाहिरातींनी चॅट भरून जाईल. परिणाम मात्र असा होतो की या गेममधली जी गोष्ट दुसरीकडे सहसा मिळत नाही, तीच नेमकी, म्हणजे इतर माणसांची साथ, कापून गेम तुमच्यापुढे येतो. उरतं ते एकट्याने खेळायचं, बरंच जुनाट दिसणारं काल्पनिक साहस. तेवढंच हवं असेल तर एकट्याने खेळायचे याहून देखणे, याहून चांगली गोष्ट सांगणारे गेम ढीगभर आहेत. अनेक जण लेव्हल २० ला 'एवढंच होय!' म्हणून गेम काढून टाकतात आणि त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबर असतं, कारण त्यांनी पाहिलं तेवढं खरंच एवढंच होतं.

कापलेलं काय असतं, ते एका प्रसंगाने सांगते. हा प्रसंग 'क्लासिक'मधला आहे. क्लासिक म्हणजे २००४ च्या सुमाराचा संथ, अवघड गेम, जो २०१९ मध्ये कंपनीनेच वेगळा पुन्हा सुरू केला. सध्याच्या आवृत्तीला खेळाडू 'रिटेल' म्हणतात. एकाच मासिक वर्गणीत दोन्ही खेळता येतात.

तर, डेडमाइन्स नावाचं डंजन. वेस्टफॉलच्या ओसाड शेतांमधून चालत जायचं, एका पडक्या गावातल्या घरातून खाली खाणीत उतरायचं. पाच अनोळखी माणसं: पुढे ढाल घेऊन मार झेलणारा टँक, मागे मी जखमा भरणारी हीलर, मधे एक मेज (जादूगार), एक रोग (लपून वार करणारा) आणि एक हंटर (पाळीव प्राणी बाळगणारा धनुर्धारी). हंटर अगदी नवखा होता, हे त्याच्या पहिल्याच बाणावरून कळलं. टँक प्रत्येक टोळीवर जाण्याआधी शत्रूंच्या डोक्यावर खुणा लावत होता, एकावर कवटी, एकावर चंद्र. चंद्रवाल्याला मेजने मंत्र घालून मेंढी बनवलं. हंटरने बाण सोडला तो थेट मेंढीवर. घाव बसला की मेंढीचा पुन्हा माणूस होतो, आणि मेंढी असताना त्याच्या जखमाही भरून आलेल्या असतात, त्यामुळे तो ताजातवाना होऊन मेजच्या अंगावर धावला. निभावलं कसंबसं. सगळे थांबले. टँकने चॅटमध्ये एवढंच टाइप केलं: 'कवटी आधी. चंद्राला हात लावायचा नाही.' शिवी नाही, की गटातून काढणं नाही. पुढच्या टोळीला हंटर धनुष्य खाली ठेवून उभा. कवटी दिसेपर्यंत त्याने एक बाण सोडला नाही.

त्या खाणीत पहिला बॉस (बलाढ्य म्होरक्या) पडला की मागून, म्हणजे ज्या वाटेने आपण आलो त्या वाटेने, गस्तीची टोळी येते. सगळे लूट बघण्यात गुंग असतात आणि सर्वांत मागे उभा असतो हीलर. टोळी माझ्यावर पडली. टँकचं तोंड तिकडे वळेपर्यंत हंटरने आपलं पाळीव रानडुक्कर माझ्या आणि त्यांच्या मधे घातलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. यात ग्राफिक्स बघाल तर चौकोनी दगड आणि चिखलाच्या रंगाच्या भिंती. पण तो क्षण कुणी लिहून ठेवलेला नव्हता, समोरच्या माणसाने तिथल्या तिथे ठरवलेला होता. मला या गेममध्ये धरून ठेवलं ते असल्या गोष्टींनी. ड्रॅगनवर बसून उडण्यात मजा आहे, पण ती आठवडाभराची.

माणसं असली की गेम बनवणाऱ्यांच्याही हाताबाहेर जातो, हे याचं दुसरं टोक. सप्टेंबर २००५ मध्ये झुलगुरूब नावाची नवी मोहीम आली. तिथला हक्कार नावाचा बॉस खेळाडूंना एक संसर्गजन्य शाप द्यायचा, जो त्या जागेतच राहावा अशी अपेक्षा होती. पण हंटर लोकांनी आपले बाधित प्राणी तिथे दिसेनासे केले आणि नंतर शहरात पुन्हा बोलावले. प्राण्यांबरोबर साथ शहरात आली. दुकानदार पात्रं मरत नव्हती पण वाहक झाली, आणि कमी लेव्हलचे खेळाडू नुसते शेजारून जाताना कोसळायला लागले. रस्ते सांगाड्यांनी भरले. कुणी उपचार करायला धावले, कुणी रानात पळाले, कुणी मुद्दाम साथ पसरवत हिंडले. शेवटी सर्व्हर बंद करून सुधारणा कराव्या लागल्या. २००७ मध्ये 'द लॅन्सेट इन्फेक्शस डिसीझेस' या वैद्यकीय नियतकालिकात या प्रकाराचा साथरोगांच्या अभ्यासाच्या अंगाने विचार करणारा लेख आला. गेममधल्या एका चुकीवर!

क्लासचा प्रश्न. लोक यावर तासन् तास वाद घालतात, नवख्याने घालू नये. हंटर घ्या. लांबून मारायचं, चालता चालता मारायचं, आणि मार खायला पुढे तुमचा प्राणी. एकट्याने फिरायला याहून सोयीचं काही नाही. लोकांना मदत करायचा स्वभाव असेल तर प्रीस्ट किंवा पॅलडिन घेऊन हीलर व्हा. हीलरची कायम टंचाई असते, त्यामुळे गट पटकन मिळतो. ड्रुइड सगळंच करू शकतो, पण सुरुवातीला त्याची रूपं बदलण्यातच जीव मेटाकुटीला येतो. टँक मात्र पहिल्याच पात्राला नको. टँकला पुढे चालावं लागतं आणि वाट तुम्हालाच ठाऊक नसेल तर मागचे चौघे काय करणार? रोग, वॉरलॉक, मेज यांत जे दिसायला आवडेल ते. दहाव्या लेव्हलला वाटलं की चुकलं, तर नवं पात्र काढा, पैसे पडत नाहीत.

अलायन्स की होर्ड, हेही आता पूर्वीइतकं महत्त्वाचं नाही. २०२२ पासून दोन्ही बाजूंचे खेळाडू बऱ्याचशा डंजनमध्ये एकत्र जाऊ शकतात. ओळखीचं कुणी खेळत असेल तर तो ज्या बाजूला आणि ज्या प्रदेशाच्या सर्व्हरवर आहे तिथे जा. प्रदेशाचं नीट बघा. अमेरिकेच्या सर्व्हरवरचं पात्र युरोपच्या सर्व्हरवर नेता येत नाही.

अनोळखी लोकांसोबत डंजनमध्ये जायची धाकधूक वाटणं स्वाभाविक आहे. रिटेलमध्ये लोक घाईत असतात, 'हॅलो'सुद्धा न म्हणता शेवटापर्यंत पळत सुटतात, आणि मागे पडलेल्या नवख्याला कळत नाही काय चाललंय. २०२४ पासून काही डंजन संगणकाच्या साथीदारांबरोबर खेळता येतात, त्यांना फॉलोअर डंजन म्हणतात. ते साथीदार तुमची वाट बघतात, चुकलात तर टोमणा मारत नाहीत. सरावाला उत्तम. पण तिथेच मुक्काम ठोकू नका, नाहीतर पुन्हा ट्रायलच खेळत राहिल्यासारखं होईल. नवख्यांसाठी वेगळा चॅट चॅनल असतो, त्यात अनुभवी खेळाडू 'गाइड' म्हणून असतात. तिथे बावळट प्रश्न विचारलेले चालतात.

म्हणून माझा सल्ला असा. ट्रायलमध्ये फक्त एवढंच तपासा की हातांना जमतंय का, कॅमेरा फिरवताना डोकं दुखतंय का, आणि तुमच्या मशीनवर तो धड चालतोय का. गेम विंडोज आणि मॅकवर चालतो, ग्राफिक्स कमी केले तर साध्या कॉम्प्युटरवरही निभावतं. एसएसडी (वेगवान स्टोरेज) असेल तर लोडिंगला फार फरक पडतो. हे जमलं तर एका महिन्याची वर्गणी भरा. नवं एक्सपान्शन लगेच विकत घेऊ नका, वर्गणीत जुनी बरीचशी एक्सपान्शन येतातच आणि तेवढ्यात तुम्हाला महिनोन् महिने पुरेल इतकं आहे. तो महिना गिल्ड शोधण्यात घालवा. गिल्डवाल्यांना तुमचं पात्र किती तगडं आहे ते सांगत बसू नका, फक्त विचारा की तुमचे लोक कोणत्या दिवशी, किती वाजता असतात. तुमची खेळायची वेळ आणि त्यांची वेळ जुळत नसेल तर गिल्ड कितीही प्रेमळ असो, तुम्ही रिकाम्या चॅटकडे बघत बसाल.

आणि बूस्ट घेऊ नका. पैसे भरून पात्र एकदम वरच्या लेव्हलला नेता येतं, दुकानात ते ठळकपणे मांडलेलंही असतं. ते ज्यांच्याकडे आधीच चार पात्रं आहेत त्यांच्यासाठी आहे. नवख्याने घेतलं की स्क्रीनवर एकदम वीस-पंचवीस बटणं येतात आणि त्यातलं एकही का दाबायचं ते माहीत नसतं. एकेक लेव्हलला एकेक बटण मिळतं, ते त्याच क्रमाने मिळू द्या. तीच गोष्ट बाहेरच्या वेबसाइटवरून सोनं विकत घेण्याची. त्यात खातं बंद होतं. पैसे देऊन सोनं हवंच असेल तर २०१५ पासून कंपनीचं स्वतःचं टोकन आहे (पैशांनी घ्यायचं, गेममध्ये सोन्याला विकायचं), पण लेव्हल २० च्या हंटरला त्या सोन्याचं करायचं काय, हे मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही.