हापूस थेट विकणाऱ्या नव्या बागायतदाराने पोस्ट कशी लिहावी

आपण बागेतला आंबा थेट ग्राहकाला विकणार असाल, तर पोस्टची पहिली ओळ सर्वांत जपून लिहावी, कारण इन्स्टाग्रामवर लांब मजकुराचा सुरुवातीचा भागच समोर दिसतो. ‘अस्सल’ आणि ‘दर्जेदार’ हे शब्द तर प्रत्येकच विक्रेता वापरतो. त्यांऐवजी बाग कोणत्या गावची, पेटीत किती डझन, फळाचे वजन किती, आंबा कच्चा की आढीत पिकवलेला, वाहतूक खर्च कोणाकडे आणि फळात साका (गर आतून पांढरट, स्पंजासारखा होण्याचा दोष) निघाल्यास ते बदलून मिळेल का, हे स्पष्ट सांगावे. साक्याबद्दल आधीच लिहिणारा विक्रेता मला तरी अधिक विश्वासाचा वाटतो. भाव लपवून ‘मेसेज करा’ असे लिहू नये. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (विशिष्ट प्रदेशातला माल म्हणून अधिकृत ओळख) मिळाले आहे. मात्र आपण त्याचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदणी केली असेल, तरच त्याचा उल्लेख करावा. छायाचित्र आपल्याच बागेचे असावे. व्हॉट्सॲपचे स्टेटस २४ तासांत नाहीसे होते आणि ब्रॉडकास्टचा, म्हणजे एकाच वेळी अनेकांना पाठवलेला, संदेश आपला क्रमांक जतन केलेल्यांनाच मिळतो. म्हणून पहिल्या पेटीसोबतच ग्राहकाला क्रमांक जतन करण्याची विनंती करावी.