भाकरीसोबत चहा का नको? आणि वाचकांचे आणखी काही प्रश्न

गेल्या महिनाभरात आलेले प्रश्न एकत्र वाचताना जाणवलं, की बहुतेकांना एखादा पदार्थ औषधासारखा हवा आहे. अमुक खाल्लं की तमुक बरं होईल का, अशा धर्तीचे प्रश्न. मी मात्र प्रत्येकाला उलट तीनच गोष्टी विचारत बसते: किती खाता, कशासोबत खाता आणि ते शिजवता कसं?

प्रश्न : माझी मुलगी 16 वर्षांची आहे. हिमोग्लोबिन 9.2 आलं. सासूबाई म्हणाल्या, गोळ्या कशाला, बाजरीची भाकरी आणि गूळ दे. चार महिने रोज न चुकता देतेय. परवा तपासलं तर 9.4. बाजरीत लोह असतं ना? मग चुकतंय कुठं? (गृहिणी, बीड)

सासूबाईंचं चुकलेलं नाही. हिशेब मात्र अर्धाच झालाय.

बाजरीत 100 ग्रॅममागे साधारण 6.4 मिलिग्रॅम लोह असतं. धान्यांमध्ये हा आकडा चांगला आहे. पॉलिश केलेल्या तांदळात 1 मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. 100 ग्रॅम पीठ म्हणजे मध्यम आकाराच्या दोन भाकरी. आता तुमच्या मुलीची गरज बघा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2020च्या शिफारशींनुसार 16 ते 18 वयाच्या मुलीला दिवसाला 32 मिलिग्रॅम लोह लागतं. गरज एवढी मोठी धरण्याचं कारण असं, की धान्य-भाज्यांतलं लोह अंगी फार कमी लागतं. शंभरातले आठ भाग लागले तरी पुष्कळ. म्हणजे दोन भाकरींतून रक्तापर्यंत पोचलं ते अर्धा मिलिग्रॅम. गुळाच्या 10 ग्रॅमच्या खड्यात मुळात लोहच अर्ध्या मिलिग्रॅमच्या आतबाहेर, त्यातलं लागणार किती?

लोह अडवणारा धान्यात असतो तो फायटेट. आणि आपल्या घरांतून दुसरा पहारेकरी आपणच बसवतो, तो म्हणजे चहा. मी एका मुलीला विचारलं होतं, ‘भाकरी खातेस कशी?’ ती म्हणाली, ‘रात्रीची शिळी भाकरी सकाळी चहात कुस्करून.’ चव झकास लागते, मी स्वतः लहानपणी पितळी भरून खाल्लेली आहे. पण चहातले टॅनिन लोहाला धरून बसतात आणि ते जसं आलं तसं बाहेर जातं. जेवणाच्या आधी तासभर आणि नंतर तासभर चहा-कॉफी नको, एवढा एकच बदल करून बघा.

दुसरा बदल लिंबाचा. क जीवनसत्त्व सोबत असलं की हेच लोह कितीतरी चांगलं शोषलं जातं. लिंबू वाढलेल्या ताटात पिळायचं, उकळत्या भाजीत पिळलं तर बरंचसं क जीवनसत्त्व उष्णतेनं जातं. कच्चा कांदा, टोमॅटोची कोशिंबीर, पेरू, आवळ्याची फोड यांतलं काहीही चालेल. मोरावळा मात्र यात धरू नका; तो साखरेचा पदार्थ आहे, आवळा नावापुरता. भाजी लोखंडी कढईत करा. चुका, अंबाडी, टोमॅटो असं आंबट काही त्यात शिजलं की कढईचं लोह थोडं भाजीत उतरतं. भाजी काळपट दिसते, मुलं नाक मुरडतात, मुरडू देत. शिजल्यावर ती भाजी दुसऱ्या भांड्यात काढायची, एवढं सांभाळा. मांसाहार चालत असेल तर मटण-मासळीतलं लोह शरीराला सोपं जातं.

आता न आवडणारी गोष्ट. पाळी येणाऱ्या मुलीचं हिमोग्लोबिन 12च्या खाली गेलं की रक्तक्षय, आणि 8 ते 10.9 म्हणजे मध्यम रक्तक्षय. 9.4 हे ताटानं भरून निघणारं खातं नाही. डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर ती द्या. पाण्यासोबत, चहा-दुधासोबत नाही. शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका. पाळीत रक्त जास्त जातं का, पोटात जंत आहेत का, थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तदोषाचा काही अंश आहे का, हे डॉक्टरांना विचारा. देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, असं 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळलं. तेव्हा स्वतःचंही एकदा तपासून घ्या. आई आपलं तपासायचं नेमकं विसरते.

प्रश्न : मला मधुमेह आहे, वय 58. पोळी पूर्ण बंद करून दोन्ही वेळा ज्वारीच्या तीन-तीन भाकरी खातो. जेवणानंतरची साखर उलट वाढली. ज्वारी मधुमेहाला चांगली ना? (निवृत्त शिक्षक, पुणे)

सर, भाकरी केवढी?

हा प्रश्न मी सगळ्यांना विचारते आणि सगळे तळहात पसरून दाखवतात. म्हणून आता सांगते, एका भाकरीला घेता तेवढं पीठ पिशवीत घालून आणा. वजनकाट्यावर ठेवलं की 60-70 ग्रॅम सहज भरतं. ज्वारीच्या 70 ग्रॅम पिठात साधारण 47 ग्रॅम कर्बोदकं असतात. तीन भाकरी म्हणजे 210 ग्रॅम पीठ, 140 ग्रॅम कर्बोदकं आणि 700 कॅलरी, तेही फक्त भाकरीच्या. याआधी चार घडीच्या पोळ्या खात असाल तर ते 130-140 ग्रॅम पीठ होतं. बदल केलात आणि पीठ दीडपट झालं!

आणखी एक, ऐकून वाईट वाटेल. न चाळलेली कणीक आणि ज्वारीचं पीठ यांतला चोथा जवळजवळ सारखाच असतो, दोन्हींत 100 ग्रॅममागे 10-11 ग्रॅम. कोंडा फेकून पोळ्या करणाऱ्यांना ज्वारीचा फायदा होईल. तुम्ही कोंड्यासकट खात होतात तर फारसा फरक नाही. ज्वारीत ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, नाही; हे ज्यांना गहू सोसत नाही त्यांच्या कामाचं, साखरेशी त्याचा संबंध नाही.

तरी भाकरी सोडू नका. एका वेळी एकच करा. आधी वाटीभर कोशिंबीर आणि पालेभाजी खाऊन घ्या, मग उसळ किंवा घट्ट वरण आणि त्यासोबत भाकरी. हाच क्रम ठेवलात तर जेवणानंतरची साखर सावकाश चढते. जेवल्यावर लगेच आडवं न होता पंधरा मिनिटं चाला. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर भाकरी कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला, नाहीतर साखर एकदम खाली जायची.

प्रश्न : साखर बंद केली, आता दिवसातून चार वेळा गुळाचा चहा घेते. वजन का उतरत नाही? (वाचक, नाशिक)

कारण गूळ ही साखरच आहे. थोडी मळकी, थोडी चवदार. तिच्यात खनिजं नावाला असतात, पण ती मिळवायला जेवढा गूळ खावा लागेल तेवढा कुणी खाऊ नये. खडीसाखर, मध, काकवी, सगळे एकाच घरातले भाऊ. बाहेरून घातलेल्या गोडाच्या कॅलरी दिवसाच्या 10 टक्क्यांच्या आत हव्यात, 5 टक्क्यांच्या आत असतील तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. 5 टक्के म्हणजे साधारण 25 ग्रॅम, पाच-सहा चमचे. तुमच्या चार कपांतच ते संपत असणार. गूळ आवडतो म्हणून खा, गुणांसाठी नको.

प्रश्न : तूप खावं की नाही? एक डॉक्टर नको म्हणतात, मोबाइलवर रोज ‘तूप अमृत आहे’ असं येतं. (दुकानदार, सांगली)

दोघांमध्ये मी पडत नाही, चमचा दाखवते. चहाचा एक सपाट चमचा तूप म्हणजे 40-45 कॅलरी. त्यातली निम्म्याहून जास्त चरबी संपृक्त, म्हणजे रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवणारी. गरम वरणभातावर एक चमचा तूप आणि वर लिंबू, यात मला काही वावगं दिसत नाही. भाज्यांतली अ, ई, के ही जीवनसत्त्वं अंगी लागायला थोडी चरबी लागतेच. पण तो चमचा इतर तेलातून वजा झाला पाहिजे. भाजीला पळीभर तेल, पोळीला तेल, आणि वर ‘घरचं साजूक आहे हो’ म्हणून धार, हे नको. आजोबा तुपाची वाटी पीत होते असं सांगतात लोक. आजोबा मोटेवर बैल हाकत होते, तुम्ही गल्ल्यावर बसता. हृदयविकार झालेला असेल तर तुमच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा.

प्रश्न : बाळ आठ महिन्यांचं आहे. आजी घरीच नाचणीचं सत्त्व करतात. विकतचं जास्त चांगलं का? त्यात कॅल्शियम वाढवलेलं असतं म्हणे. (नवी आई, रत्नागिरी)

आजींना माझा नमस्कार सांगा. विकतच्या डब्यावर ‘साखर’ कितव्या क्रमांकावर लिहिली आहे तेवढं वाचा, मग ठरवा.

नाचणीत 100 ग्रॅममागे 350 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, धान्यांत इतकं कुणाकडेच नाही. बाळ एका वेळी 15 ग्रॅम सत्त्व खाईल, म्हणजे 50 मिलिग्रॅम. तेही सगळं लागत नाही, आणि फडक्यानं वस्त्रगाळ करताना बराचसा वाटा सालीबरोबर जातो. म्हणून दूध सुटत नाही. सत्त्वाची खरी करामत मोडांत आहे. नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणले की धान्यातला फायटेट उतरतो आणि पिष्ट थोडं आधीच पचलेलं असतं. त्यामुळं पेज घट्ट गोळा होत नाही, पातळ राहूनही तिच्यात धान्य जास्त मावतं. बाळाच्या पोटात जागा इवलीशी असते, तिथं हे फार मोलाचं. मोड आले की सावलीत खडखडीत वाळवायचे, मंद भाजायचे आणि दळायचे. ओल राहिली तर बुरशी धरते, वास आला तर सरळ टाकून द्या.

वर्षाच्या आत साखर, गूळ, मीठ नको. मध तर अजिबात नको. त्यात असू शकणाऱ्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळं तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. चाटण म्हणून बोटावर मध लावायची पद्धत असेल तर ती आजींशी गोडीनं बोलून थांबवा.

प्रश्न : गुडघे दुखतात म्हणून रोज रात्री हळदीचं दूध घेते. आता हळदीच्या कॅप्सूल सुरू करू का? (वय 63, नागपूर)

हळदीचा आपल्याला अभिमान आहे, आणि असावा. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत दिलं गेलं तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेनं ते आव्हान देऊन 1997 साली रद्द करून घेतलं. पण अभिमान वेगळा आणि मात्रा वेगळी. हळदीचे गुण ज्याच्यामुळं सांगतात ते कर्क्युमिन हळदीत साधारण 3 टक्के. दुधात अर्धा चमचा हळद घातलीत तर ते 50 मिलिग्रॅमच्या आतच, आणि तेही आतड्यातून फार थोडं शोषलं जातं. मिरपूड आणि दुधातली साय यांनी थोडी मदत होते. दूध आवडतं तर घ्या, झोपही छान लागेल. कॅप्सूलमध्ये मात्र मात्रा कितीतरी मोठी असते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, पित्ताशयात खडे असतील किंवा यकृताचा त्रास असेल तर डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. गुडघ्यांना मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि दोन-चार किलो कमी वजन, यांनी जास्त उतार पडेल.

प्रश्न : मटकीच्या उसळीनं गॅस होतो, म्हणून घरात कडधान्यच बंद झालंय. (वाचक, ठाणे)

बंद नको. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडतं, ते कडधान्यात भरपूर असतं. शाकाहारी ताटातून उसळ काढली तर ती जागा भाकरी भरू शकत नाही. गॅस होतो तो कडधान्यातल्या काही शर्करांमुळं, ज्या आपल्याला पचवता येत नाहीत आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांवर ताव मारतात. भिजवलेलं पाणी ओतून द्या, मोड चांगले बोटभर येऊ द्या आणि उसळ कच्चट ठेवू नका. आठवडाभर रोज दोनच चमचे खा, मग अर्धी वाटी. पोटालाही सवय लागते.

प्रश्न : बाजरीची भाकरी थापताना तुटते. गव्हाचं पीठ मिसळू का? (नोकरदार तरुण, मुंबई)

पीठ जुनं आहे, विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, गेलीये. बाजरीत चरबी बऱ्यापैकी असल्यानं दळलेलं पीठ लवकर खवट होतं. हुंगून बघा आणि चिमूटभर चाखा, कडवट लागलं तर टाका. आठवड्याला पुरेल एवढंच दळून आणा. कढत पाण्यात पीठ भिजवा, तळहातानं परातीत रगडून मळा, एका वेळी एकाच भाकरीपुरतं. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि ते सुकायच्या आत उलटायची. पहिल्या दोन-तीन तुटतीलच. त्या कुस्करून ताकात टाका, वर कच्चा कांदा आणि मिरचीचा ठेचा घ्या. थापता यायला लागल्यावरही तुम्ही मुद्दाम एखादी तोडाल.